शाल-श्रीफळ नसलेली संध्याकाळ

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि सभासदहो,

सप्रेम नमस्कार.

साहित्याचे आणि नाटकाचे आपले दिवस ठरलेले आहेत. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २१ मार्चला जागतिक कविता दिन, लगेच सहा दिवसांनी जागतिक रंगभूमी दिन आणि २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. त्या त्या दिवशी संस्थेत सतरंज्या अंथरल्या जातात, प्रतिमेला हार पडतो, प्रमुख पाहुणे उशिरा येतात, शाल-श्रीफळ होते आणि वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याची चिंता ध्वनिक्षेपकावरून सगळ्या गल्लीला ऐकवली जाते. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटलेला माणूस धावतपळत वाचनालयापाशी पोचतो, तेव्हा शटर अर्धे खाली आलेले असते.

मला त्या दुसऱ्या दिवसाविषयी बोलायचे आहे.

मी लेखिका नाही, समीक्षक नाही. वर्गणीदार आहे. कादंबऱ्या वाचते, कविता जरा जास्त वाचते, आणि नाटक बघायला मिळाले नाही की निदान वाचून काढते. हे पत्र सरकारला किंवा साहित्य संमेलनाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण रोजच्या वाटेवर भेटणारी तुमच्याइतकी दुसरी जागा नाही. नाट्यगृहे शहरांत आहेत, आणि पुस्तकांची बरी दुकाने जिल्ह्याच्या गावीसुद्धा शोधावी लागतात. ग्रंथालये मात्र गावोगाव आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यातली बरीचशी लहान, एका खोलीची, एका कपाटाच्या भरवशावर उभी असलेली आहेत हे मान्य. पण आहेत. आणि काही तर फार जुनी आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले ते १८४३ साली. म्हणजे मराठी नाटकाचा पडदा उघडण्याच्या पंधरा वर्षे आधी मराठी माणूस वाचनालयाची वर्गणी भरत होता.

व्यासपीठावर पुस्तकाविषयी जे बोलले जाते ते मला कधी नीट पटलेले नाही. तिथले पुस्तक माणूस घडवते, विचार देते, संस्कार करते. करत असेल. पण रात्री सगळ्यांची जेवणे उरकून, ओटा पुसून जी बाई दहा पाने वाचायला बसते, ती स्वतःला घडवायला बसलेली नसते. तिला पुढे काय झाले ते हवे असते. कादंबरीतल्या त्या माणसाने शेवटी घर विकले की नाही, एवढेच तिला झोपण्याआधी कळायला हवे असते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये दांड्याला धरून उभी असताना ती त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत असते. हा आनंद फार साधा आहे आणि त्याला भाषणात जागा नाही. त्याला लागते ते उघडे दार, हाताला येईल असे पुस्तक आणि कोणी ‘लवकर घ्या, बंद करायचंय’ असे म्हणणार नाही असा थोडासा वेळ.

वेळेपासूनच सुरुवात करते. अनेक वाचनालये सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडी असतात. ही विभागणी ठरली तेव्हा कचेरी साडेपाचला सुटत असेल आणि घर चालत जाण्याच्या अंतरावर असेल. आता माणूस आठला घरी पोचतो, तेव्हा तुमचे कुलूप लागलेले असते. सकाळच्या पाळीला येतात ते बहुतेक वृत्तपत्रे वाचणारे ज्येष्ठ. त्यांचा हक्क मी काढून घ्या म्हणत नाही. आठवड्यातून दोन दिवस सकाळची पाळी आखडती घ्या आणि रात्री साडेनऊपर्यंत दार उघडे ठेवा, एवढेच. तासांची बेरीज तीच राहील.

दुसरी अडचण कपाटांची. काचेच्या कपाटात पुस्तके, कपाटाला कुलूप, किल्ली ग्रंथपालांकडे आणि ग्रंथपाल देवघेवीच्या टेबलामागे. मग वाचकाने तालिकेत नाव शोधायचे, चिठ्ठीवर लिहायचे आणि पुस्तक आतून यायची वाट बघायची. अहो, मला काय वाचायचे आहे ते मला कुठे माहीत असते? ते कपाटापुढे उभे राहिल्यावर कळते. एखादे पाठीवरचे नाव दिसते, चार पाने चाळली जातात, शेजारचे जास्त पातळ दिसते म्हणून तेच उचलले जाते. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला एस. आर. रंगनाथन यांचे १९३१ मध्ये मांडलेले पाच नियम पाठ असतात. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला. वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. आणि रंगनाथन मुक्तद्वार पद्धतीचे, म्हणजे वाचकाने कपाटातून पुस्तक स्वतः निवडून घेण्याच्या पद्धतीचे, पक्के पुरस्कर्ते होते. साताऱ्याच्या भिलार गावाने २०१७ पासून आपल्या घरांत पुस्तके ठेवली आहेत. तिथे परका माणूस ओसरीवर बसून वाचतो, आणि आपल्याच सभासदाला आपण कपाटाला हात लावू देत नाही.

पुस्तके चोरीला जातील, असे तुम्ही म्हणाल. काही जातील. ती निदान कोणीतरी वाचेल.

आता कवितेकडे येते, कारण तिचे आपण सगळ्यांत जास्त वाईट केले आहे. कवितेचा म्हणून एकच प्रकार आपल्या संस्थांमध्ये उरला आहे, आणि तो म्हणजे कविसंमेलन. निमंत्रित वीस, ऐन वेळी आलेले बारा. प्रत्येकाची एक रचना, तीही ‘एक छोटीशी’ म्हणून दोन. ज्याचे झाले तो मागच्या दाराने जातो. सूत्रसंचालक प्रत्येक दोन कवींच्या मध्ये स्वतःच्या चार ओळी सोडतो. अकरा वाजता आभारप्रदर्शन होते आणि कुठलीही कविता कोणाच्याही घरी जात नाही.

याच भाषेत कविता कामाबरोबर चालायची. हेमा राईरकर, गी पॉयटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. लाखभर ओव्या, त्याही दळताना सुचलेल्या आणि म्हटलेल्या. त्यात माहेर आहे, सासूची चिडचिड आहे, भाऊ आहे, सीतेचा वनवास आहे आणि नवऱ्याविषयी तोंडावर बोलता न येणारे सगळे आहे. पहाटे उठून दळायचे ते हाल परत यावेत असे कोणतीही शहाणी बाई म्हणणार नाही. पण श्वासाच्या आणि हाताच्या लयीबरोबर दोन ओळी तोंडात असणे, ही गोष्ट जात्याबरोबर जायला हवीच होती असे नाही. वारीत चालणाऱ्याची ती गेलेली नाही. अभंग त्याला पाठ असतो तो चालून चालून, परीक्षेपुरता घोकून नव्हे.

आणि फार मागे जायची गरजही नाही. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट हे तिघे वर्षानुवर्षे गावोगाव एकत्र काव्यवाचन करत फिरले. लोक कविता ऐकायला येत, फक्त कविता. त्याच त्या कविता पुन्हा पुन्हा वाचल्या जात आणि लोक त्याच मागत. यात मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हे पुन्हा ऐकणे. गाण्याची फर्माईश करतो तशी माणसे कवितेची फर्माईश करत होती.

म्हणून सुचवते. आठवड्यातला एक वार धरा. देवघेव चालू असतानाच, त्याच खोलीत, कोणीतरी एक कविता मोठ्याने वाचायची आणि थोड्या वेळाने तीच परत वाचायची. पहिल्यांदा ती कानावरून जाते, दुसऱ्यांदा थांबते. बस्स. प्रस्तावना नको, कवीचा जीवनपट नको, आणि रसग्रहण तर मुळीच नको. रसग्रहणाचे गुण शाळेत मिळाले किंवा गेले, तो हिशेब तिथेच मिटला. ज्याला ऐकायचे नाही त्याने आपले पुस्तक बदलून निघून जावे, कोणी वाईट वाटून घेऊ नये. वाचणारा दर वेळी वेगळा असावा. औषधाच्या दुकानातला मुलगा, निवृत्त वायरमन, नववीतली मुलगी, कोणीही. अडखळला तरी चालेल. शब्दावर अडखळणाऱ्या माणसाच्या तोंडून कविता ऐकताना तो शब्द प्रथमच ऐकल्यासारखा वाटतो.

आणखी एक, ज्याला पैसाही लागत नाही. कवितासंग्रह पंधरा दिवसांत परत मागू नका. कादंबरी पंधरा दिवसांत संपते, कारण ती पुढे ओढते. कवितासंग्रह असा सलग वाचून होत नाही. तो उशाशी पडून राहतो, मध्येच उघडला जातो, एका कवितेवर आठवडा जातो आणि बाकीच्या तशाच राहतात. त्याला दोन महिने द्या. तसेही त्या संग्रहाला रांग लागलेली नसते. तारखेच्या चिठ्ठीवरचे शिक्के बघितले तर कित्येकांच्या शेवटच्या शिक्क्याला वर्षे उलटून गेलेली दिसतात. आणि कवितेचा खण सगळ्यांत खाली का असतो हो? गुडघे धरून बसल्याशिवाय कवी दिसतच नाहीत.

नाटकाविषयी थोडे अधिक सविस्तर लिहिते, कारण ‘नाटक हा आपला विषय नाही, ते नाट्यगृहाचे काम’ असे कार्यकारी मंडळांत हमखास ऐकू येते.

आपल्या संग्रहात नाटकांचे एक कपाट असतेच. जुन्या बांधणीची, कडा पिवळ्या पडलेली पुस्तके. ती एके काळी भराभर फिरत होती, कारण गणेशोत्सवात आणि गॅदरिंगला कोणते नाटक बसवायचे ते ठरवायला लोक इथेच येत. कित्येक प्रतींत आजही कोणाच्या तरी भूमिकेच्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढलेल्या सापडतात. मला अशी प्रत मिळाली की मी नाटक बाजूला ठेवून आधी त्या रेघाच वाचते. कोणा तरुणाने दुसऱ्या अंकातले लांबलचक स्वगत अर्धे कापलेले असते. दिग्दर्शकाने कापले की त्याला पाठ होईना, देव जाणे.

नाटक वाचायचे असते हे आपण विसरलो आहोत. आणि एकट्याने वाचण्यापेक्षा पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसून वाचण्यात जी मजा आहे ती वेगळीच. पाठांतर नाही, नेपथ्य नाही, तालमी नाहीत. भूमिका वाटून घ्यायच्या आणि वाचत सुटायचे. रंगसूचना एकाने वाचायच्या. पहिली दहा मिनिटे सगळे वर्तमानपत्र वाचावे तसे वाचतात. मग एखाद्या भांडणाच्या प्रवेशात कोणाचा तरी आवाज चढतो, समोरचा दचकून तसेच उत्तर देतो, आणि पुढची पाने कशी उलटली ते कळत नाही. खाली मान घालून वाचणारी, एरवी सोसायटीच्या सभेत तोंड न उघडणारी बाई खाष्ट सासूची भूमिका अशी काही वाचते की तिच्या घरचे बघत राहावेत.

यासाठी लागतात एकाच नाटकाच्या सहा-सात प्रती. आपण प्रत्येक नाटकाची एक प्रत घेतो. त्याऐवजी वर्षाला चारच नाटके घ्या, पण संच घ्या. झेरॉक्स काढून संच करू नका. नाटके छापणारे प्रकाशक आधीच मोजके उरले आहेत.

कायद्याचे भय कोणी दाखवले तर तेही पाहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीतले किंवा नाटकातले वाजवी उतारे जाहीरपणे वाचायला मुभा आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोगही त्या कायद्याने हक्कभंग ठरत नाही. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या साहित्यावरचा हक्क संपतो. देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. त्यांची नाटके आज कोणाचीही परवानगी न घेता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येतात. पदे गाता आली नाहीत तर नुसती वाचा. हयात नाटककाराचे नाटक संपूर्ण वाचणार असाल, तर कायदा काहीही म्हणो, त्याला एक फोन करावा. त्याला बरे वाटते, आणि कधी कधी तो स्वतः ऐकायला येऊन बसतो.

वाचणारे कुठून आणायचे? तेही तुमच्याच नोंदवहीत आहेत. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा तर त्याहून जुनी. या स्पर्धांमधून विंगेत उभी राहिलेली, प्रकाशयोजना सांभाळलेली, एखादी बक्षीसपात्र भूमिका करून नंतर बँकेत, शाळेत, वीज मंडळात नोकरीला लागलेली माणसे गावागावात आहेत. नोकरी लागली की नाटक सुटले, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. तालमीला महिनाभर रात्री देणे त्यांना खरोखरच जमत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ वाचायला बसणे जमेल.

मराठी माणूस नाटक बघत नाही, असे कोणी सभेत म्हणाले तर त्यांना झाडीपट्टीत पाठवा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे तिथल्या नाटक मंडळ्यांचे ठाणे. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, लोक तिकीट काढून बसतात, पाहुणेरावळे त्यासाठी मुक्कामाला येतात. तिथे नाटक वर्षाच्या रहाटीतच बसलेले आहे. ते तसेच्या तसे सगळीकडे उभे राहणार नाही. पण तुमच्या जवळच्या शहरात एखाद्या चांगल्या नाटकाचा दौरा येणार असेल, तर सभासदांची नावे घेऊन एक गाडी ठरवणे कठीण आहे का? भाडे ज्याचे त्याने द्यावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, विशेषतः बायकांना नाटक चुकते ते तिकिटापेक्षा रात्री परत यायच्या सोयीपायी. (नाटक आधी वाचावे की आधी बघावे, यावर परतीच्या गाडीत खूप वाद घालता येतो. माझे मत, आधी बघावे.)

तुम्हाला यातले काहीच जमत नाही असे मी म्हणत नाही. एक गोष्ट तुम्ही फार सुंदर करता, ती म्हणजे दिवाळी अंकांची योजना. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि ती घरोघर पोचवली ती वाचनालयांनी. वेगळी वर्गणी, तरीही लोक आपण होऊन नाव नोंदवतात. अंक घरी आला की आजीला भविष्य हवे असते, कोणाला व्यंगचित्रे, कोणाला कथा, आणि कविता पानपूरक म्हणून का होईना, सगळ्यांच्या नजरेखालून जातात. ‘तो अंक परत केलास? माझं वाचून व्हायचं होतं!’ ही भांडणे जानेवारीपर्यंत चालतात. या योजनेत कोणी कोणाला वाचनाचे महत्त्व सांगत नाही. म्हणूनच ती इतकी वर्षे चालली, असा माझा पक्का समज आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र हे आपण सपशेल विसरतो. पुस्तक परत करताना सारांश लिहून आणायला सांगणारी वाचनालये मी पाहिली आहेत. मोठ्या सभासदांना ही अट घातली तर किती उरतील? मुलांनी पुस्तक अर्धे टाकले तर टाकू द्या, तेच पुस्तक चौथ्यांदा नेले तर नेऊ द्या, आणि बालविभागात थोडा गलका होऊ द्या.

पैशाचे काय, हा प्रश्न मी टाळत नाही. अनुदान अपुरे आहे, ते उशिरा येते, आणि ग्रंथपाल व कर्मचारी ज्या पगारात राबतात तो सांगायची लाज वाटावी असा आहे. म्हणून रात्रीचे तास वाढवा म्हणताना तो भार त्यांच्याच डोक्यावर टाकू नका. संध्याकाळच्या शेवटच्या तासासाठी सभासदांच्या पाळ्या लावा, दोघादोघांच्या. कार्यकारी मंडळात पंधरा-सतरा माणसे असतात. त्यांच्यापासून सुरुवात झाली तर बाकीचे आपोआप येतील. नाटकांच्या संचांसाठी पैसे हवे असतील तर वर्षभरातल्या शाली, श्रीफळे, पुष्पगुच्छ आणि फ्लेक्स यांचा खर्च एकदा जमाखर्चात वेगळा काढून बघा. पाहुण्यांच्याही घरी त्या शाली आता कपाटात मावत नसतील.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फार आनंद झाला, पेढेही वाटले गेले. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या एका वाचनालयात सत्कार समारंभासाठी वाचनकक्ष दोन दिवस बंद होता. नाव लिहीत नाही, कारण तसे दुसरेही कुठले असू शकेल.

तर माझी विनंती एवढीच आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तीन विषय घ्यावेत: आठवड्यातून दोन दिवस रात्री साडेनऊपर्यंत वाचनालय, कविता आणि नाटक या दोन विभागांची कपाटे मुक्तद्वार, आणि महिन्यातून एका संध्याकाळी नाट्यवाचन. कृपया हे विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात ढकलू नयेत. तोवर अर्धी सभा चहाकडे गेलेली असते. ते क्रमांक तीनवर, जमाखर्च मंजुरीच्या आधी ठेवावेत. सूचक म्हणून मी उभी राहीन. अनुमोदक तेवढा तुमच्यातून हवा.

कळावे,

आपली,
एक वर्गणीदार